मटकीच्या उशीवरचा चिखल्या

श्रीनिवासरावांनी कॅमेरा पुतण्याला देऊन टाकायचं ठरवलं, तेव्हा खरं म्हणजे निर्मलाबाईंनी देवापुढे साखर ठेवायला हवी होती. त्या कॅमेऱ्याला त्यांनी आजवर कमी का नावं ठेवली होती! आधी सवत म्हणून झालं, मग घरजावई म्हणून झालं, कारण कपाटातला चांगला कोरडा कप्पा तो अडवून बसायचा. थंडी पडली की दर रविवारी पहाटे नवऱ्यानं उठायचं, पाणपक्ष्यांच्या मागं तलावाच्या चिखलात जाऊन पालथं पडायचं, आणि येताना तो चिखल पँटीला, बुटांना, कधी कधी कानाच्या पाळीलाही लावून आणायचा. धुवायचं कुणी? निर्मलाबाईंनी. असा हा कॅमेरा घरातून जाणार होता, आणि बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कारण साधं होतं. श्रीनिवासरावांचा उजवा हात थरथरू लागला होता.

या माणसाची सगळी नोकरी रेल्वेच्या पुलांचे नकाशे काढण्यात गेलेली. नुसत्या हातानं मारलेली त्यांची रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ, असं सिकंदराबादच्या ऑफिसात म्हणत, आणि ते ऐकून स्वारी जी फुलायची ती तारनाक्याला घरी येऊन जेवायला बसली तरी फुललेलीच. त्याच हातानं उन्हाळ्यात एकदा पाहुण्यांदेखत वरणाची वाटी सांडली. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही, मोठा आजार नाही, वयाची थरथर आहे. गोळीनं थोडी कमी होईल, पूर्ण जाणार नाही. दोघांनी माना डोलावल्या, रिक्षात बसले, आणि त्या दिवसापासून घरात त्या विषयावर एक शब्द निघाला नाही. निर्मलाबाई चहाचा कप अर्धाच भरू लागल्या. श्रीनिवासराव चारचौघांत चहाच नको म्हणू लागले. गाडी बाई चालवू लागल्या. बँकेत सही जुळेना, तेव्हा "पेन खराब आहे" असं ते म्हणाले आणि बाईंनी पर्समधून दुसरं पेन काढून दिलं. तेही खराबच निघालं.

मग दिवाळीनंतर फोटो हलायला लागले. तलावावरून आले की श्रीनिवासराव कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि एकेक फोटो पुसत जायचे. बाई भाजी निवडता निवडता मागून बघायच्या. पूर्वी त्यांना हाका मारून मारून पक्षी दाखवले जायचे; आता हाक येत नव्हती.

आणि परवा जेवताना, ताटातून मान वर न करता, त्यांनी सांगून टाकलं. "रविवारी वरुणला जेवायला बोलाव. कॅमेरा, लेन्स, सगळं घेऊन जाऊ दे. तरणा पोरगा आहे, वापरेल. मी सकाळी शेवटचं एकदा जाऊन येतो."

"हौ," निर्मलाबाई म्हणाल्या. हैदराबादेत जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडून कठीण वेळी हेच निघतं.

बाईंना कॅमेऱ्याचं काडीचं पडलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती गॅलरीतली वेताची खुर्ची. कॅमेरा गेला की हा माणूस त्या खुर्चीत बसणार, हात शालीखाली लपवणार, आणि पुन्हा उठणार नाही. त्यांनी ते अगदी स्पष्ट पाहिलं आणि त्यांना रडू आलं. पण बोलायची सोय कुठे होती? थरथरच मुळी घरात नव्हती ना!

तेव्हा बाईंनी दुसरं काय करायचं? मटकी भिजत घातली. वरुण म्हणजे श्रीनिवासरावांच्या धाकट्या भावाचा मुलगा, गच्चीबावलीला कुठल्याशा कंपनीत होता, आणि काकूच्या मटकीच्या उसळीवर त्याचा फार जीव. शनिवारी बाईंनी मटकी उपसून फडक्यात गच्च बांधली आणि पुरचुंडी स्वयंपाकघराच्या दाराआडच्या खुंटीला टांगली.

आता त्या फडक्याची हकीकत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. हॉलचा जुना हिरवा पडदा विरला, तेव्हा बाईंनी त्यातली एक चिंधी वाया जाऊ दिली नव्हती. भाजीची पिशवी त्याची, मिक्सरचं झाकण त्याचं, मटकी बांधायचं फडकं त्याचं, आणि कॅमेऱ्याची उशीही त्याचीच. जमिनीवर पालथं पडून फोटो काढायचा तर लेन्सखाली टेकू लागतो. त्यासाठी श्रीनिवासरावांनी बाईंकडून हरभरे भरलेली एक उशी शिवून घेतली होती. चांगले हरभरे चिखलात लोळवायला नेतात म्हणून बाईंनी तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता. ती उशीही त्याच खुंटीला टांगलेली असायची. बाईंनी शनिवारी तिची खोळ धुऊन पुन्हा हरभरे भरून ठेवले होते. शेवटची खेप आहे, निदान स्वच्छ तरी जाऊ दे.

रविवारी पहाटे स्वयंपाकघरातली ट्यूब नुसतीच मिचमिच करत राहिली. बाईंनी थर्मास भरला, दाराआड हात घातला, हिरव्या कापडाचं जे हाताला लागलं ते पिशवीत टाकलं. जरा ओलसर लागलं. थंडीत खोळ वाळली नसेल, असं मनाशी म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

हिमायतसागरला पोचेपर्यंत पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. पावसाळ्यानंतर पाणी मागं सरकलं की काठाला लांबच लांब चिखलाची पट्टी उघडी पडते, आणि लांबून लांबून आलेले पक्षी तिथं पोट भरतात. बाईंनी गाडी उभी केली.

"तू बस इथंच," श्रीनिवासराव सवयीनं म्हणाले.

ही सवय का लागली, तेही खरं होतं. निर्मलाबाई आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होत्या आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकाच्याही मागं भिंतीपर्यंत पोचायचा. एकदाच त्या काठापर्यंत आल्या होत्या, आणि "अगंबाई, किती गोड!" एवढंच म्हणाल्या होत्या. अख्खा थवा उडून पलीकडच्या काठाला गेला होता. तेव्हापासून त्यांची जागा गाडीत, थर्मासशेजारी.

"आज मी येणार," बाई म्हणाल्या.

"अगं, चिखल आहे."

"इतकी वर्षं धुतेय तो. एकदा नीट बघू तर द्या कुठून येतो ते. तोंड उघडणार नाही, शपथ."

श्रीनिवासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. साडीवर त्यांचाच जुना स्वेटर, डोक्याला मफलर, पायात थोरल्या नातवासाठी आणून ठेवलेले रबरी बूट. त्यांना नाही म्हणवेना. दोघं हल्लूहल्लू काठाशी गेली. श्रीनिवासरावांनी प्लास्टिकची ताडपत्री अंथरली, गुडघे धरत धरत पालथे पडले, आणि मागं हात केला.

"उशी."

बाईंनी दिली.

"ओली काय गं ही?" त्यांनी चाचपली. "आणि हिला गाठ कुठून आली?"

त्यांनी गाठ सोडली. आत मटकी. चांगले लांब, पांढरेशुभ्र, टपोरे मोड आलेली मटकी.

"निर्मला," श्रीनिवासराव दबक्या आवाजात म्हणाले, "मी इथं उसळ करायला आलोय का?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी मफलरचं टोक तोंडात कोंबलं. पण नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडलेही नव्हते.

"जाऊ दे," ते म्हणाले. "नव्हतंच नशिबात. चल परत."

"परत काय परत!" बाईंचा आवाज चढणार होता, तो त्यांनी गिळला. "हरभरा काय नि मटकी काय, कडधान्यच ना दोन्ही? इकडे द्या." त्यांनी पुरचुंडीची गाठ दातानं गच्च आवळली, ताडपत्रीच्या कडेला ती थापटून बसवली आणि स्वतः नवऱ्याच्या उजव्या अंगाला सरळ पालथ्या पडल्या. साडीसकट. "टेका."

श्रीनिवासरावांनी लेन्स टेकली. ओल्या मटकीनं लेन्सला असं काही पोटाशी घेतलं की ती हलायचं नावच घेईना. हरभऱ्यांच्या उशीवर ती कधी एवढी बसली नव्हती. पण हे त्यांनी बायकोला लगेच सांगितलं नाही, नवरेच ते.

आणि मग सूर्य आला. पाणी आधी राखी होतं, ते बघता बघता गुळाच्या पाकासारखं झालं. दूरवर शेकाटे उभे होते, त्यांचे लांबलचक पाय गुलाबी दिसू लागले. तुतवार चोच खाली घालून शेपट्या हलवत फिरत होते. चिखल, काय तो चिखल, ज्याच्या नावानं बाईंनी जन्मभर बोटं मोडली, तो लखलखीत सोन्याचा झाला होता. बाई तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या, पण शपथेप्रमाणे त्यातून आवाज काढला नाही. यासाठी येतो होय हा माणूस, त्यांच्या मनात आलं, आणि मी आपली गाडीत बसून शब्दकोडी सोडवत राहिले.

श्रीनिवासरावांना शेकाटे नको होते. त्यांना हवा होता चिखल्या. एवढासा मूठभर पक्षी, मातीच्या रंगाचा, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. तुरुतुरु धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. मोठ्या पक्ष्यांचे फोटो सगळेच काढतात, हा कुणाच्या लक्षातही येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, असल्या उन्हात, एक फोटो काढायचा हे त्यांचं स्वप्न होतं.

तो आला. धावत आला आणि समोरच थबकला. श्रीनिवासरावांनी श्वास रोखला, बटणावरचं बोट दाबलं, आणि दाबताना सगळा हात थडथडला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पक्ष्याच्या जागी एक तपकिरी डाग उमटला. पुन्हा दाबलं. पुन्हा डाग. लेन्स मटकीवर घट्ट होती, पण त्या बोटाला कोण काय करणार? ऊन तर पळत होतं. ते सोनं काही दिवसभर राहत नाही. त्यांनी आणखी काही फोटो काढले आणि बोट बाजूला घेतलं. उजवा हात पोटाखाली सरकवला.

शालीखाली सरकवतात तसाच. बाईंना ती वेताची खुर्ची दिसली.

चिखल्या मात्र कुठे गेला नव्हता. तो ओल्या चिखलावर उभा राहिला, एक पाय पुढे टाकला, आणि तो पाय भरभर, बारीक थरथरवू लागला. थांबायचा, वाकून काहीतरी टिपायचा, पुन्हा पाय थरथरवायचा.

"अहो!" निर्मलाबाई बोलून गेल्या. "त्याचाही थरथरतोय बघा!"

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. उन्हाळ्यापासून जो शब्द दोघांनी मिळून घराबाहेर ठेवला होता, तो त्यांनी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्यानं उच्चारला होता. दोन शेकाटे उडाले, चिखल्या तेवढा खाण्यात गर्क राहिला. श्रीनिवासरावांनी वळून पाहिलं नाही. मग त्यांचे खांदे हलू लागले. देवा, रडवलं मी यांना, असं बाईंना वाटलं. त्यांनी घाबरून नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.

"मुद्दाम करतो तो," श्रीनिवासराव कुजबुजले. "पाय थरथरवला की चिखलातले किडे हलतात, वर येतात. मग हा टिपतो."

"म्हणजे पोटापाण्यापुरती थरथर आहे त्याची."

"हं. त्याची कामाची तरी आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "माझी कशाची गं?"

निर्मलाबाईंनी शिक्षिकेचा आवाज काढला, अर्थात हळू. "तुमची राहू दे बाजूला. बटण तुम्हीच दाबायचं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? डोळा तुमचा धड आहे ना? मग बोट माझं घ्या."

लग्न झाल्यापासून त्या घरात एक वाक्य घुमत होतं: कॅमेऱ्याला हात लावू नकोस. श्रीनिवासराव बायकोच्या बोटाकडे बघत राहिले. पीठ मळून, खडू धरून जाड झालेलं बोट, पण कसं अगदी स्थिर.

"अर्धं दाबून ठेवायचं," शेवटी ते म्हणाले. "मी खूण केली की पूर्ण. बोलून खूण करता येणार नाही, तो उडेल. मी पायानं तुझ्या पायाला ढोसतो. ढोसलं की दाब."

"समजलं."

समजलं कसलं! चिखल्या धावला, थबकला, श्रीनिवासरावांच्या बुटानं बायकोच्या बुटाला टोकरलं, आणि निर्मलाबाईंचा हात बटणावरून उठून सरळ नमस्काराला गेला. नवऱ्याला पाय लागला की नमस्कार करायचा. आईनं लावलेली सवय, कुणाचा पाय कुणाला लागला याचा विचार हात कुठे करतो?

"अगं, नमस्कार कसला करतेस? दाब की!"

"चुकून झालं हो! पुन्हा ढोसा."

चिखल्या पलीकडे गेला होता. आता पळापळ करून उपयोग नव्हता. दोघं खांद्याला खांदा लावून तशीच पडून राहिली. चिखलाची ओल ताडपत्रीखालून वर येत होती, बाईंच्या साडीचा काठ भिजला होता, आणि ऊन सोनेरीतून हळूहळू पांढऱ्याकडे निघालं होतं. ये रे बाबा, बाई मनात म्हणत होत्या, उसळ खायला घालते, पण ये.

आणि आला तो. तुरुतुरु धावत, अगदी जवळ. उभा राहिला. पिवळ्या कड्यातला काळाभोर डोळा थेट इकडे लागलेला. त्यानं पाय पुढे टाकला.

बूट बुटाला लागला. निर्मलाबाईंनी बटण दाबलं.

मग त्यांनी किती वेळा दाबलं देव जाणे, कारण पाय ढोसत राहिला आणि बोट दाबत राहिलं. चिखल्या पोटभर खाऊन उडून गेला तेव्हा दोघांनाही उठता येईना. एकमेकांना धरून, "अगं माझा गुडघा", "अहो माझी कंबर" करत ती कशीबशी उभी राहिली. श्रीनिवासरावांनी पडद्यावर एकेक फोटो आणून बघितला. डाग, धूसर, बरा, बरा. आणि एक.

एका फोटोत पक्षी असा आला होता की पिसन् पीस मोजून घ्यावं. डोळा, पिवळं कडं, चोचीवर चिकटलेला चिखलाचा कण, मागं सगळं सोनं. फक्त पुढं टाकलेला तो पाय अस्पष्ट होता. थरथरत होता ना.

श्रीनिवासरावांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला. स्वतः होऊन, लग्नानंतर पहिल्यांदा.

घरी येऊन बाईंनी मटकी बऱ्याच पाण्यांनी धुतली, फोडणीला टाकली आणि वर भरपूर खोबरं घातलं. वरुण वेळेवर आला. दोनदा मागून घेतली त्यानं.

"काकू, उसळ एकदम जबरदस्त! आज काही स्पेशल टाकलंय क्या?"

"हिमायतसागरची हवा," श्रीनिवासराव गंभीरपणे म्हणाले. बाई ठसका लागल्याचं निमित्त करून आत गेल्या.

जेवणं झाल्यावर वरुण कॉम्प्युटरपाशी बसला, सकाळचे फोटो बघू लागला, आणि त्या फोटोशी थांबला. "काका, ये तो कमाल आहे! कसा काढला? फक्त इथे पाय ब्लर झालाय. मी दोन मिनिटात नीट करून देतो, ॲप आहे माझ्याकडे."

"नक्को!" दोघं एकदम ओरडली.

वरुण दचकलाच. काकूंच्या ओरडण्याची त्याला सवय होती, काकांच्या नव्हती.

"राहू दे तसाच," श्रीनिवासराव खालच्या आवाजात म्हणाले. "तो त्याचा पाय आहे. आणि वरुण, बाबा, तुला कॅमेरा देता येत नाही रे. माझा एकट्याचा असता तर दिला असता. अर्धा तुझ्या काकूचा निघाला. आणि माझा हात असा थरथरतो," असं म्हणून त्यांनी उजवा हात टेबलावर सगळ्यांच्या समोर ठेवला, "तेव्हा तिच्या अर्ध्याशिवाय माझा अर्धा चालत नाही."

वरुण त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, मला तर तो नकोच होता. तुम्ही म्हणालात म्हणून हौ म्हटलं." त्या क्षणी तो बाईंना इतका आवडला की उरलेली सगळी उसळ त्यांनी त्याला डब्यात भरून दिली.

बाईंनी चहा आणला. वरुणचा कप भरलेला, त्यांचा स्वतःचा भरलेला, आणि श्रीनिवासरावांचा नेहमीसारखा अर्धा.

"हे काय?" श्रीनिवासराव म्हणाले. "मला अर्धाच का? भर पूर्ण."

निर्मलाबाईंनी किटलीतून कप काठोकाठ भरला. श्रीनिवासरावांनी तो पाहुण्यादेखत, थरथरत्या हातानं उचलला. थोडा चहा बशीत सांडला. त्यांनी कपातला प्यायला, मग बशी उचलून बशीतलाही पिऊन टाकला आणि म्हणाले, "साखर कमी आहे गं."